रीबूट की नवी गोष्ट? आधी नक्की काय संपलंय ते बघू

प्रश्न थोडक्यात असा: एका आवडत्या सुपरहिरोची चित्रपट-मालिका तिसऱ्यांदा शून्यापासून सुरू होणार अशी घोषणा झाली आणि विचारणाऱ्याचा संयम सुटला. पुन्हा तोच अपघात, पुन्हा तीच शक्ती, पुन्हा घरातल्या त्याच माणसाचा मृत्यू. ‘यांच्याकडे नव्या गोष्टी नाहीतच का? आणि तुमच्यासारखे लेखक त्या बैठकांना जाऊन नक्की सांगतात तरी काय?’

शेवटचा टोमणा पोचला. मी पटकथा लिहिते, पण माझा बराचसा वेळ दुसऱ्यांच्या पटकथा दुरुस्त करण्यात जातो. त्यातही ‘पहिला भाग चालला, दुसरा बरा गेला, आता पुढे काय?’ या प्रकारचं काम भरपूर असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही रीबूट, म्हणजे मालिका शून्यापासून पुन्हा सुरू करणं, एका बाजूला आणि नवी गोष्ट दुसऱ्या बाजूला ठेवली आहे. प्रत्यक्षात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुना इतिहास ठेवायचा की पुसायचा, हा एक निर्णय. सांगायचं ते नवं आहे की आधीचंच, हा दुसरा. २००५ साली दिग्दर्शक ख्रिस्तोफर नोलनने बॅटमॅन शून्यापासून सुरू केला, इतिहास पूर्ण पुसला, आणि तरी पडद्यावर जे आलं ते नवं होतं. २०१५चा ‘स्टार वॉर्स’ हा रीतसर सातवा भाग, इतिहास जसाच्या तसा. पण वाळवंटी ग्रहावरचं एकटं पोर, गुपित घेऊन फिरणारा रोबो, ग्रह उडवणारं अस्त्र हे सगळं १९७७च्या पहिल्या चित्रपटातलंच. म्हणजे पुसूनही नवं सांगता येतं आणि न पुसताही जुनंच सांगता येतं. तुमची चीड खरं तर दुसऱ्या निर्णयावर आहे, पण राग काढताय पहिल्यावर.

म्हणून मला कुणी ‘रीबूट करू का?’ विचारलं की मी आधी उलट विचारते: या मालिकेतलं संपलंय काय? नट थकलाय, सूर बिघडलाय, इतिहासाचा गुंता झालाय, की जो प्रश्न घेऊन ही मालिका उभी होती त्याचंच उत्तर देऊन झालंय? पहिल्या तिन्हींवर इलाज आहे. चौथ्यावर रीबूटचा काही उपयोग होत नाही, आणि नेमका तिथेच तो सर्रास केला जातो.

परिस्थितीवर अवलंबून असणाऱ्या गोष्टी आधीच सांगून टाकते. मागचा चित्रपट येऊन किती वर्षं झाली, मुख्य नट पुन्हा यायला तयार आहे का आणि त्याचं वय काय, मागचा भाग पैशाने पडला की नुसता टीकेने, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हक्क कुणाकडे आहेत. हे शेवटचं प्रेक्षकाला दिसत नाही. चित्रपटाचे हक्क अनेकदा मुदतीचे असतात; मुदतीत कॅमेरा सुरू झाला नाही तर हक्क परत जातात. ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या सुपरहिरोंच्या चौकडीचा पहिला चित्रपट १९९२च्या शेवटी हक्कांची मुदत संपत आल्यावर घाईघाईने चित्रीकरणाला गेला, सुमारे १० लाख डॉलरमध्ये बनला, आणि अधिकृतपणे कधी प्रदर्शितच झाला नाही. स्पायडर-मॅनचे चित्रपट-हक्कही सोनी या स्टुडिओकडे राहण्यासाठी ठराविक काळात पुढचा चित्रपट व्हावा लागतो. २०१० साली दिग्दर्शक सॅम रेमीचा चौथा भाग रद्द झाला आणि लगेच नव्या नटासह नवी सुरुवात जाहीर झाली. तिथे ‘थोडी वर्षं थांबू, चांगली कल्पना सुचली की बघू’ असं म्हणायची सोयच नव्हती. तेव्हा अमुक मालिका पुन्हा का सुरू झाली याचं उत्तर कधीकधी लेखकाच्या टेबलावर नसतंच, वकिलाच्या टेबलावर असतं.

पण समजा मोकळीक आहे. मग मी काय करते ते सांगते.

एक कोरा कागद घेते आणि मधोमध रेघ मारते. डावीकडे लिहायचं: पुढची गोष्ट कळण्यासाठी प्रेक्षकाला आधीचं काय काय माहीत असावंच लागेल? कोण कुणाचा भाऊ, कोण मेला होता आणि कसा परत आला, कुठल्या यंत्राचे काय नियम. हे ओझं. उजवीकडे: प्रेक्षकाने न सांगता काय जपून ठेवलंय? एखादी मैत्री, एखादा पराभव, एखाद्या पात्राची दारातून आत येण्याची ढब. ही माया. निर्मात्यांबरोबर बसून हे दोन रकाने भरायला लागलं की बैठकीचा आवाज बदलतो. कारण बहुतेकांनी डावीकडचा त्रासच फक्त मोजलेला असतो. उजवीकडचं फुकट मिळालेलं असतं, त्यामुळे त्याची किंमत कुणी लावलेली नसते. आणि रीबूट दोन्ही रकाने पुसतो. डावीकडचा तेवढा पुसून उजवीकडचा ठेवायची सोय त्यात नाही.

डावा रकाना भरून वाहतोय आणि उजवा जेमतेम, असं असेल तर बिनधास्त पुसा. उलटं असेल तर पुसणं हा आत्मघात. दोन्ही भरलेले असतील तर काम अवघड आहे, आणि त्यावर पुढे येते.

याचं सगळ्यात स्वच्छ उदाहरण मला २००६चा जेम्स बाँडपट ‘कॅसिनो रॉयाल’ वाटतं. त्याच्या आधीचा, २००२चा बाँडपट पडला नव्हता. त्याने रग्गड पैसा मिळवला होता. पण त्यात अदृश्य होणारी मोटार आली होती, आणि ती आल्यावर पुढे जायला रस्ता उरत नाही, फक्त आणखी मोठी मोटार उरते. थकला होता तो सूर. गंमत बघा, १९६२पासून २००२पर्यंत ४० वर्षं या मालिकेने पाच नट वापरले आणि एकदाही रीतसर रीबूट केला नाही. नट बदलला, माणूस तोच, कुणी खुलासा मागितला नाही. हा सगळ्यात जुना आणि सगळ्यात स्वस्त उपाय आजकाल लोक विसरलेच आहेत. २००६ साली मात्र त्यांनी खरोखर मागे जाऊन बाँडला खून करण्याचा परवाना मिळण्याच्या दिवसापासून सुरू केलं. आणि त्यांच्याकडे सांगायला न सांगितलेलं काहीतरी होतं: बाँडचे लेखक इयन फ्लेमिंग यांची १९५३ची पहिलीच कादंबरी, जिचे हक्क कैक वर्षं दुसऱ्यांकडे होते आणि १९९९ साली त्यांच्या हाती आले. तरी त्यांनी सगळं पुसलं नाही. जूडी डेंच यांची ‘एम’, म्हणजे बाँडची वरिष्ठ, मागच्या नटाच्या चित्रपटांतून तशीच इकडे आली. कालक्रमाच्या हिशोबाने ते बसत नाही. पण ती उजव्या रकान्यातली होती, म्हणून ठेवली. दिग्दर्शकही नवखा आणला नाही: मार्टिन कॅम्बेल, ज्याने १९९५ साली आधीच्या बाँडची सुरुवात करून दिली होती. मी हे उदाहरण निर्मात्यांना वारंवार देते, कारण त्यांना वाटतं रीबूट म्हणजे सगळी टीम बदलायची.

आता तुमच्या खऱ्या तक्रारीवर येते, ओरिजिन स्टोरीवर, म्हणजे नायक कसा घडला त्या गोष्टीवर. बॅटमॅनची २००५ साली सांगितली तेव्हा चालली, स्पायडर-मॅनची २०१२ साली सांगितली तेव्हा लोकांनी जांभया दिल्या. दोघांचेही आईवडील किंवा काका मरतातच, मग फरक काय? फरक इतकाच की बॅटमॅनची ती गोष्ट पडद्यावर नीट कुणी सांगितलेलीच नव्हती. १९८९च्या चित्रपटात तो पहिल्याच प्रसंगात गच्चीवरच्या चोरट्यांना धरतो. तो तसा कसा झाला हे आठवणीच्या एका तुकड्यात उरकलंय. हा माणूस कुठे शिकला, भीतीचं हत्यार कसं केलं, वडिलोपार्जित पैशांचं काय केलं, हे २००५ साली पहिल्यांदा सविस्तर आलं. स्पायडर-मॅनचं उलट. २००२ साली कोळी चावणं आणि काकांचा मृत्यू इतक्या नीट सांगून झाला होता की दहा वर्षांनी तेच परत करताना लेखकांना नवं काही सापडणं कठीण होतं. पैसे बुडाले असं नाही. पण २०१४चा पुढचा भाग आधीपेक्षा कमी चालला, आखलेले बाकीचे चित्रपट रद्द झाले, आणि २०१५च्या सुरुवातीला सोनीने, स्पायडर-मॅन मुळात ज्यांच्या कॉमिक्समधला, त्या मार्व्हलशी हातमिळवणी केली. त्यानंतर २०१७ साली आलेल्या चित्रपटात कोळी चावण्याचा प्रसंग नाही. पोरगं आधीच भिंतीवर चढतंय. एक ओळ कमी पडली नाही कुणाला.

आणि २०१८ साली त्याच पात्राच्या ऍनिमेशनपटाने तर या सवयीचीच टिंगल केली. दरवेळी नवा स्पायडर-मॅन येतो आणि आपला उगम धडाधड सांगून मोकळा होतो. मधे मुख्य गोष्ट मात्र माइल्स मोरालेस या दुसऱ्याच मुलाची. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळालं.

ओरिजिन स्टोरी परत सांगण्याचं एक जुनं समर्थन होतं: नवी पिढी आलीय, तिने आधीचं पाहिलेलं नाही. जुना चित्रपट पुन्हा बघायला टीव्हीवर लागण्याची वाट बघावी लागे तेव्हा त्यात तथ्य होतं. आज बारा वर्षांचं पोर घरबसल्या तिन्ही नटांचे सगळे भाग एका सुट्टीत संपवतं. त्याला चावलेला कोळी ठाऊक आहे. हे आता स्टुडिओंच्याही लक्षात आलंय असं दिसतं: २०२२चा बॅटमॅन त्याच्या कामाच्या दुसऱ्या वर्षात सुरू होतो, आईवडिलांच्या खुनाचा प्रसंग दाखवत नाही, २०२५चा सुपरमॅन सुरू होतो तेव्हा जग त्याला तीन वर्षं ओळखतंय. हे दोन्ही रीबूटच आहेत. फक्त पहिलं प्रकरण गाळलंय. त्यामुळे तुमच्या मालिकेची घोषणा ‘नवी सुरुवात’ अशी असली तरी ती अपघातापासूनच सुरू होईल असं समजू नका.

आता चौथा प्रकार, जिथे मालिकेचा प्रश्नच संपलेला असतो. ‘टर्मिनेटर’ बघा. १९८४ साली प्रश्न उभा राहिला: येणारा विनाश टाळता येईल का? १९९१च्या दुसऱ्या भागाने उत्तर दिलं आणि फार सुंदर दिलं. यंत्राकडून एक मुलगा वाचतो, त्याच यंत्राकडून आपण जीवाची किंमत शिकतो, भविष्य मोकळं होतं. झालं. त्यानंतर जो कुणी पुढचा भाग लिहायला बसला त्याला पहिलं काम करावं लागलं ते म्हणजे हे उत्तर खोटं ठरवणं. २००९, २०१५, २०१९, तीन वेळा नवी मालिका सुरू करायचा बेत झाला आणि तिन्ही वेळा पहिल्याच चित्रपटावर थांबला. त्यात इतिहास ठेवणारा होता, कालरेषा वाकवणारा होता, दुसऱ्या भागानंतरचं सगळं विसरणारा होता. २०१९च्या चित्रपटाने तर सुरुवातीलाच त्या मुलाला मारून टाकलं, ज्याला वाचवण्यासाठी १९९१चा अख्खा चित्रपट धावला होता. डावा रकाना मोकळा करण्यासाठी उजव्यावर बोळा फिरवला. तांत्रिकदृष्ट्या चित्रपट वाईट नाही. पण प्रेक्षकाने तुमच्याकडे ठेवायला दिलेली गोष्ट तुम्ही पहिल्या पाच मिनिटांत विकून टाकली, मग पुढचे दोन तास तो तुमच्यावर कसा विश्वास ठेवेल?

असा प्रश्न संपलेला असेल तर माझा सल्ला साधा असतो आणि कुणालाच आवडत नाही: थांबा. हे सांगायचे पैसे मिळत नाहीत, पण कधीकधी सांगावं लागतं.

काही मालिका मात्र कितीदाही पुसल्या तरी चालतात. का, यावर मी बराच विचार केलाय. गॉडझिला घ्या. १९५४ सालचा पहिला चित्रपट अणुचाचण्यांच्या भीतीतून आला. त्यानंतर जपानमध्ये त्याला अनेकदा नव्याने सुरू केलं. १९८४ साली मधले सगळे चित्रपट बाजूला ठेवून फक्त पहिला खरा धरला. १९९९ ते २००४ दरम्यानचे चित्रपट तर बहुतेक एकमेकांनाच ओळखत नाहीत. प्रत्येक जण थेट १९५४शी नातं सांगतो. २०१६ साली संपूर्ण नवी सुरुवात, त्यात राक्षसापेक्षा जास्त वेळ बैठका, फायली, परवानग्या. २०११च्या भूकंप-त्सुनामी आणि अणुदुर्घटनेनंतरचा देश त्यात ओळखू येतो. २०२३ साली परत मागे जाऊन महायुद्ध हरलेल्या देशात, मरायला पाठवलेला पण न मेलेला एक वैमानिक. त्या चित्रपटाला दृश्य परिणामांचं ऑस्कर मिळालं. इतकी पुसापुशी होऊन कुणी तक्रार का करत नाही? कारण गॉडझिलाला चरित्र नाही. त्याचं कुणी लग्न बघितलं नाही, मित्र गमावताना बघितला नाही. त्या त्या वेळची भीती त्याच्यात भरायची, एवढंच. मालिकेच्या मध्यभागी माणूस असेल तर पुसताना रक्त येतं. मध्यभागी प्रतिमा असेल तर येत नाही. ज्यांच्या उजव्या रकान्यात माणसांऐवजी फक्त एक आकृती आणि एक वातावरण असतं, त्यांना मी रीबूटची भीती घालत नाही. पण दरवेळी नवी भीती मात्र हवी. ती नसेल तर नुसता मोठा सरडा उरतो.

इथपर्यंतचं जरा गोळा करते. सूर बिघडला असेल आणि हातात न वापरलेलं साहित्य असेल तर रीबूट करावा. मध्यभागी माणूस नसून प्रतिमा असेल तर हवा तितक्यांदा करावा. नटच फक्त थकला असेल तर नट बदलावा, गोष्ट नाही. प्रश्न संपला असेल तर काहीच करू नये. राहिला तो दोन्ही रकाने भरलेले असण्याचा अवघड प्रकार. गुंताही आहे आणि मायाही. माझ्याकडे येणारी बहुतेक कामं याच प्रकारची असतात.

इथे मला स्वतःला आवडणारा मार्ग म्हणजे कॅमेरा सरकवणं. जग तेच, काळ तोच किंवा थोडा पुढचा, पण गोष्ट दुसऱ्याच माणसाची. १९७७च्या ‘स्टार वॉर्स’च्या सुरुवातीच्या मजकुरात ओझरतं येतं की हेरांनी शत्रूच्या अस्त्राचे आराखडे चोरले. त्या एका उल्लेखातून २०१६ साली एक अख्खा चित्रपट निघाला. त्यातल्या मुख्य माणसांपैकी कुणी जिवंत उरत नाही, आणि शेवट काय हे पहिल्या मिनिटापासून ठाऊक असूनही तो बघवतो. पुढे त्यातल्याच एका पात्राची मालिका आली, तीत राजकुमार-जादूगार जवळपास नाहीतच. कारकून, तुरुंग, खबरे आणि भाषणं लिहिणारी माणसं आहेत. डावीकडचं ओझं जवळपास शून्य, उजवीकडची माया सगळी हजर.

‘क्रीड’ची २०१५ची युक्ती त्याहून नाजूक. १९७६पासूनच्या रॉकीला बॉक्सिंगच्या रिंगणाबाहेर खुर्चीत बसवलं आणि रिंगणात उतरवला त्याच्या मेलेल्या प्रतिस्पर्ध्याचा मुलगा, ज्याने बापाला कधी बघितलं नाही. आधीचं काही न बघितलेला माणूसही गोष्ट समजतो: बापाचं नाव लावायचं की नाही. आणि ज्याने बघितलंय त्याला म्हातारा रॉकी नुसता जिना चढला तरी गलबलतं. इथे कुणी काही पुसलं नाही आणि उजळणीही केली नाही. मुलाखत देताना निर्माते याला ‘जुन्याचा सन्मान’ वगैरे म्हणतात. मी म्हणेन, बाप नसलेल्या मुलाची गोष्ट लिहिणाऱ्याकडे आधीपासून होती, आणि तिला कुठे राहायचं ते घर सापडलं.

कॅमेरा सरकवण्याचा सगळ्यात टोकाचा प्रकार २०२०चा ‘द इन्व्हिजिबल मॅन’. जुन्या भुताखेतांना एकत्र आणून युनिव्हर्सल स्टुडिओने मोठं विश्व उभारायचं ठरवलं होतं. २०१७च्या ‘द ममी’ने ते पहिल्याच पायरीवर बसलं. मग अदृश्य माणसाची गोष्ट सुमारे ७० लाख डॉलरच्या, म्हणजे त्या जगात चिल्लर म्हणावं अशा पैशात केली, आणि गोष्टीच्या मध्यभागी तो शास्त्रज्ञ ठेवलाच नाही. ठेवली ती त्याच्या मारहाणीतून पळालेली बाई, जिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. अदृश्य माणूस हा जुनाच ऐवज. तो अदृश्य असणं सगळ्यात जास्त कुणाला छळेल, एवढाच प्रश्न नवा. चित्रपटाने खर्चाच्या कैक पटींनी कमावलं.

कधीकधी सगळं न पुसता निवडून विसरावं लागतं. ‘हॅलोवीन’ या भयपट-मालिकेच्या १९८१च्या दुसऱ्या भागात खुनी आणि नायिका भाऊ-बहीण असल्याचं काढलं गेलं आणि नंतर कितीतरी भाग ते नातं ओढत राहिले. २०१८च्या चित्रपटाने १९७८चा पहिला तेवढा खरा धरला आणि ते नातं अफवा म्हणून झटकलं. योग्य केलं असं माझं मत. खुनी अनोळखी असणं हीच पहिल्या चित्रपटातली दहशत होती. पण हा उपाय घाऊक करायचा नाही. प्रेक्षकाने मनात धरलेली आठवण ‘ती मोजायची नाही’ असं सांगणं एकदा खपतं. तेच तेच करू लागलात की तो पुढची आठवण जपायचंच सोडून देतो.

आणि आणखी एक मार्ग आहे, ज्याला फार धीर लागतो: काहीच खुलासा न करणं. ‘मॅड मॅक्स’ १९८५नंतर थेट २०१५ साली परतला, नट दुसरा, आधीच्या घटनांशी मेळ बसतो की नाही याची फिकीर नाही. दिग्दर्शक मात्र तोच, जॉर्ज मिलर. सहा ऑस्कर. हे सगळ्यांना जमत नाही, कारण बैठकीत कुणीतरी हमखास विचारतं की ‘पण लोक गोंधळतील ना?’ लोक सहसा गोंधळत नाहीत. बैठकीतले गोंधळतात.

माझ्या कामातलं एक उदाहरण देते, नावं न घेता. एका गुन्हेकथेच्या वेबमालिकेचा दुसरा सीझन टीकेला आला आणि निर्मात्यांनी तिसरा पहिल्यापासून, नव्या नटसंचाने करायचं मनावर घेतलं. दोन रकाने भरले. डावीकडे अपेक्षेपेक्षा फारच थोडं निघालं. उजवीकडे मात्र इन्स्पेक्टर आणि तिची बहीण यांच्यातलं अबोल भांडण, ज्यावर प्रेक्षक अजून बोलत होते. म्हणजे इतिहासाचा काही दोष नव्हता. दुसऱ्या सीझनचा खलनायक कमकुवत होता आणि त्याचं खापर सगळ्या विश्वावर फुटत होतं. आम्ही काही वर्षं पुढे उडी मारली, बहिणी ठेवल्या, खलनायक घरातूनच काढला. पडझड एका ड्राफ्टची असते आणि निर्णय सगळं घर पाडायचा होतो, हे मी पुन्हा पुन्हा बघते. टीका झाली की माणसाला काहीतरी मोठं करून दाखवावंसं वाटतं. नुसता खलनायक बदलला असं सांगितलं तर बातमी होत नाही.

तुम्ही असंही विचारलंय की या सगळ्या खटपटीपेक्षा सरळ नव्या गोष्टी, नवी नावं का नाहीत. मलाही त्याच लिहायला आवडतात. पण एक गैरसमज दूर करते: ज्या बैठकीत रीबूटचा निर्णय होतो त्या बैठकीत समोर नवी गोष्ट उभीच नसते. तिथे प्रश्न असतो तो हातात असलेल्या नावाचं काय करायचं. रीबूट रद्द झाला म्हणून ते पैसे कुणा नव्या लेखकाच्या पहिल्या पटकथेकडे वळत नाहीत. ते दुसऱ्या जुन्या नावाकडे जातात. मोठा पैसा ओळखीच्या नावावर लावणं हा विमा आहे, आणि विमा काढणाऱ्याला तुम्ही साहसाचं महत्त्व पटवू शकत नाही. त्यामुळे हुशार लेखक काय करतात, तर जुन्या नावाच्या पोटात नवी गोष्ट घालतात. बॅटमॅनच्या खलनायकावरच्या, २०१९च्या ‘जोकर’ची पटकथा एरवी, म्हणजे एका एकाकी, आजारी, अपयशी विनोदवीराची गोष्ट म्हणून, इतक्या पडद्यांवर कुणी लावली असती? त्या नावामुळे लागली, व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात गोल्डन लायन हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि जगभरातून १०० कोटी डॉलरच्या वर जमले. ही तडजोड आहे हे मान्य. मला ती लाजिरवाणी वाटत नाही.

यासाठी मी एक चाचणी वापरते. ड्राफ्ट तयार झाला की त्यातली मालिकेची सगळी नावं बदलायची. पात्रांची, गावांची, यंत्रांची. मग मालिकेशी काही देणंघेणं नसलेल्या माणसाला वाचायला द्यायचा. तो काहीच न अडखळता, काहीच न गमावता वाचून गेला तर नाव हे नुसतं लेबल आहे. ते काढून टाका आणि नवा चित्रपट म्हणून करा, निदान प्रयत्न तरी करा. त्याला काहीच कळलं नाही, प्रत्येक प्रसंग कुठल्यातरी जुन्या प्रसंगाकडे डोळे मिचकावतोय असं झालं, तर ती गोष्ट नाहीच, आठवणींचा अल्बम आहे. गोष्ट समजली, आवडली, पण ‘या म्हाताऱ्याबद्दल अजून काहीतरी आहे ना?’ असं त्याने विचारलं, तर तो ड्राफ्ट मी पुढे पाठवते. नाव उभं राहायला लागत नाही, पण लागलं तर उंची वाढते, एवढं प्रमाण बरोबर.

तर तुमच्या सुपरहिरोबद्दल. ट्रेलर आला की तो कितव्यांदा सुरू होतोय हे मोजू नका. पहिल्या अर्ध्या मिनिटात तो कुणाच्या नजरेतून दाखवलाय आणि आधीच्या दोन्ही वेळी न विचारलेला एखादा प्रश्न कुणी विचारतंय का, तेवढं बघा. नवा खलनायक आणि नवा पोशाख म्हणजे नवा प्रश्न नव्हे. अपघात परत दिसला तर मात्र मीही तुमच्या बाजूने कुरकुर करेन.

माझी स्वतःची उत्सुकता सध्या बाँडवर आहे (२०२१चा चित्रपट पाहिला नसेल तर इथेच थांबा). तिथे रीबूट करायचा की नाही हा पर्यायच उरलेला नाही, कारण त्या चित्रपटाच्या शेवटी तो मेला. ६० वर्षांत पहिल्यांदा. २०२५ साली सर्जनशील सूत्रं ऍमेझॉनकडे गेली आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्ह यांचं नाव जाहीर झालं. मला त्या बैठकीत कुणी बोलावलेलं नाही, पण विचारलंच तर सांगेन की परवाना कसा मिळाला ते पुन्हा दाखवू नका, २००६ साली ते चोख झालंय. मागचा मेला याचा खुलासाही नको. जुन्या पद्धतीने करा: दुसरा नट, तोच माणूस, कामाच्या मधोमध, आणि पहिल्याच प्रसंगात त्याला असं काहीतरी करायला लावा जे आधीच्या सहांपैकी कुणी केलं नसतं.